शेरा

आमच्या अंगणवाडीमागं, नाल्यापलीकडे,
दगडांची गोल वर्तुळं आहेत.
शेळ्या त्यांत बसतात. नांगर कोणी घालत नाही,
फाळ तुटतो म्हणून, एवढंच.

उन्हाळ्यात खोदायला माणसं आली तेव्हा
आहाराची पोती सरकवून
मी अर्धी खोली त्यांना दिली.
इकडे चवळी, तूरडाळ, गहू,
तिकडे खापरं, चिठ्ठ्या लावलेली.

त्यांत शलाका गभणे नावाची पोरगी होती.
पवनीकडची. शिकली खूप,
पण मले-तुले तोंडातून गेलं नव्हतं.
एक दिवस तिनं काडेपेटी उघडली:
कापसावर दाढ. दुधाची, चहाच्या रंगाची.
"हाडं मातीनं खाल्ली, ताई. हे तेवढं राहिलं.
अडीच हजार वर्षांपूर्वीचं लेकरू आहे.
अन् वय विचाराल, तर तेही अडीचच."

पाऊस सरल्यावर ती परत आली. दाढ नव्हती, कागद होता.
आम्लात ठेवली की दाढ मऊ पडते म्हणाली,
भिजल्या चिंचोक्यासारखी,
मग तिचे काप करायचे, एकेक काप दोन-तीन महिन्यांचा.
वरचा सगळ्यांत आधीचा, तान्हेपणाचा.
प्रत्येकात नायट्रोजन पाहायचा, जड किती, हलका किती.
अंगावर पिणारं लेकरू आईच्याही एक पायरी वर असते.
"आईलेच खाते ना वो ते."

मी हसले. तिघांना पाजलंय मी.
यासाठी मशीन कायले.

पण दुधाची दाढ, दुधाचा दात म्हणत आलो जन्मभर,
आणि त्यात खरंच दूध लिहिलेलं असतं
हे कोणाच्या ध्यानात आलं होतं?

कागदावरची रेघ उंचावरून निघाली होती.
सातव्या महिन्याशी जराशी कलली:
उष्टावण. कसली तरी पेज, भरड धान्याची.
मग उतरत गेली, सावकाश, पार दीड वर्षापर्यंत.
दूध तोडायची घाई केली नव्हती कोणी.

शेवटच्या दोन कापांत रेघ पुन्हा वर.
"परत पाजायला घेतलं असंल," मी म्हटलं,
"दुखण्यात घेतोच आपण."
माझ्या भिंतीवरच्या तक्त्यात चढणारी रेघ
हिरव्या पट्ट्याकडे जाते. मी तशीच वाचली.

शलाका कागदाची घडी उलगडत, घालत राहिली.
"असूही शकते. पण कार्बन खाली चाललाय, ताई.
खायला मिळालं नाही
की अंग स्वतःलेच खाते.
तेव्हाही रेघ अशीच चढते."

मागच्या दारी परबता खिचडीचा गंज घासत होती.
राखेचा, काथ्याचा आवाज.

मी विचारत सुटले:
आई होती का तेव्हा? पुन्हा दिवस गेले होते?
हगवण लागली होती? मोहफुलाच्या दिवसांत
लेकरू मोठ्या बहिणीपाशी टाकून
रानात जावं लागत होतं तिला?
ती म्हणाली, दाढेत ते येत नाही.
दाढेजवळ एक वाटी सापडली. लहान.
माझ्या मुठीएवढी.

रात्री रजिस्टर भरताना
वाढईच्या धाकटीच्या नावाखाली
पेन्सिलीनं एक ओळ लिहिली:
नाव नाही. वय दोन वर्षे सात महिने.
वजन, उंची, दंडघेर, तिन्ही रकाने कोरे.
शेरा: दीड वर्ष अंगावर प्यालं.
पुढं काय झालं, विचारायला घर नाही.

महिनाअखेर पर्यवेक्षिका आल्या. त्या ओळीवर बोट ठेवलं.
"हे कोणाचं?"
"गावातलंच जी."
"मग संख्या जुळत नाही तुमची."

खोडरबर आहे कुठंतरी, मी म्हटलं.
पाहाते.